साडेचार शून्यं

अमेरिकेतल्या कॉलेजात कोर्सचं नाव कितीही भारदस्त असलं तरी त्याची खरी लायकी कळते ती नंबरावरून. १०१, १०२, २१५ हे पदवीच्या पंक्तीला बसणारे. ०७५, ०९१, ०९८ असे डोक्यावर शून्य घेऊन फिरणारे पंक्तीबाहेरचे. त्यांना रेमेडियल म्हणतात. समोरच्याची समजूत काढायची असेल तर डेव्हलपमेंटल. फी १०१ एवढीच. हजेरी, गृहपाठ, चाचण्या, पुस्तकांचा खर्च, गाडी लावायला जागा न मिळणं, सगळं १०१ सारखंच. फक्त शेवटी पदवीची बेरीज करताना यांना धरत नाहीत.

महाराष्ट्रात दहावी झालेल्या माणसाला याचं फारसं नवल वाटायचं कारण नाही. आमच्या वेळी गुणपत्रिकेत श्रेणीचे विषय असत. कार्यानुभवात मी मेणबत्त्या केल्या होत्या. त्यातली एकही धड पेटली नाही आणि मला 'अ' श्रेणी मिळाली. पण त्या 'अ'चे कुणी वेगळे पैसे घेतले नव्हते, आणि पुढे कॉलेजात प्रवेश घेताना 'मेणबत्त्यांचा पुरावा आणा' असंही कुणी म्हटलं नव्हतं. अमेरिकेत म्हणतात.

मी डोंबिवलीच्या एका सहकारी बँकेत बरीच वर्षं काउंटरवर काढली. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर कुणाला घरी जायला मिळत नसे, आणि दोन रुपयांच्या फरकापायी आम्ही पाचजणी खातेवह्यांत डोकी खुपसून बसलेल्या असायचो. मग लग्न, मूल, आणि नवऱ्याच्या एच-१ व्हिसाच्या शेपटीला एच-४ धरून न्यू जर्सी. ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकलेली नसेल तर एच-४ वर नोकरी करता येत नाही. शिकता मात्र हवं तेवढं येतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर कोथिंबीर निवडता निवडता एका मैत्रिणीने सल्ला दिला, "अगं, कम्युनिटी कॉलेजला जा. साठ क्रेडिटं केली की दोन वर्षांची पदवी हातात. अकाउंटिंग घे. बँकेत होतीस ना? तुला तर डाव्या हातचा मळ."

डावा हात घेऊन मी कॉलेजात गेले. माझ्या बी.ए.ला इतिहास होता, गणित नव्हतं. दहावीचं गणित शाळेतलं, म्हणून ते धरत नाहीत. बँकेतला अनुभव "वंडरफुल" असतो, म्हणजे तोही धरत नाहीत. राहिली प्लेसमेंट टेस्ट.

आपल्याला लहानपणापासून परीक्षेची एकच युक्ती शिकवलेली असते. येत नसेल तो प्रश्न सोडायचा, सोपे आधी उरकायचे, वेळ उरला की मागे यायचं. या परीक्षेत मागे यायची सोय नाही. प्रश्न सोडून पुढे जाताही येत नाही. वेळेचं बंधन मात्र अजिबात नाही, त्यामुळे 'वेळ पुरला नाही' हे घरी सांगायचं कारणसुद्धा हातचं गेलं. पहिलाच प्रश्न एका लाकडी फळीचा निघाला. साडेसात फुटांच्या फळीतून दोन फूट पावणेचार इंचाचे तुकडे कापायचे होते. मी जन्मात फळी कापलेली नाही. आमच्याकडे सुतार यायचा आणि तोही सेंटिमीटरमध्ये चुकायचा.

अंदाजाने एक टिचकी मारली. पुढचा प्रश्न जरा सोपा आला. त्याच्या पुढचा आणखी सोपा. मला वाटलं, देव पावला. प्रश्न इतके सोपे होत गेले की 'खालीलपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती' इथवर आल्यावर मला पेपर काढणाऱ्याची दया यायला लागली. बाहेर आले ती हसतमुखाने. तिथल्या खुर्चीवरच्या मुलीने समजावून सांगितलं, की ही परीक्षा माणूस बघून प्रश्न काढते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. मी मघापासून आनंदाने एकेक पायरी खाली उतरत होते.

"तुम्हाला ०९१ मिळालाय," ॲडव्हायझरबाई म्हणाल्या. त्यांच्या सुरात बक्षीस जाहीर करण्याचा उत्साह होता.

"त्यात काय शिकवतात?"

"पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, टक्केवारी."

"अहो, मी टक्केवारीवर घर चालवलंय. मी बँकेत व्याज काढत होते."

"वंडरफुल! मग तुम्हाला अगदी मजा येईल."

मजा आली. वर्ग म्हणजे संगणकांची रांग. प्रत्येकाने आपापल्या पडद्यावर गणितं सोडवायची आणि सर मधून फिरत राहायचे. गणिताच्या सॉफ्टवेअरचा स्वभाव आमच्या बँकेतल्या जुन्या ऑडिटरसारखा होता. मी १/२ लिहिलं की चूक. बरोबर उत्तर काय, तर ०.५. पुढच्या गणितात शहाणी होऊन ०.७५ लिहिलं की पुन्हा चूक. आता त्याला ३/४ हवं होतं. घरी जेवणाच्या टेबलावर माझं पुस्तक आणि मुलीचं सहावीचं पुस्तक शेजारी शेजारी उघडं असायचं. आत मजकूर जवळपास तोच. तिचं शाळेने फुकट दिलेलं; माझं भाड्याचं, आणि वर त्या सॉफ्टवेअरच्या परवलीचे पैसे निराळे.

"आई, क्रॉस मल्टिप्लाय कर ना," ती म्हणायची.

"आम्ही त्याला तिरकस गुणाकार म्हणायचो."

"म्हण. पण कर."

वर्गात सगळे माझ्यासारखेच परीक्षेच्या जिन्यावरून खाली आलेले. एक ट्रक चालवणारे काका होते. त्यांना मैल आणि गॅलन यांचा हिशेब झोपेतही यायचा, पण पडद्यावरच्या ट्रकचा यायचा नाही. सैन्यातून परतलेला एकजण होता. नर्सिंगला जायचं म्हणून आलेल्या हैतीच्या एक आजीबाई होत्या. रात्रपाळी उरकून थेट वर्गात येणारा एक पोरगा होता. तो तासभर झोपायचा आणि चाचणीत त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. त्यातल्या काहींना सरकारी मदत होती. ती अशा कोर्सांसाठी ३० क्रेडिटांपर्यंतच मिळते. शून्यालाही कमाल मर्यादा असते हे मला तिथे कळलं.

मला 'ए' मिळाला. नवऱ्याने अभिमानाने निकालाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत डोंबिवलीहून सासूबाईंचा फोन.

"अगं, तब्येत बरी आहे ना?"

"हो आई. का हो?"

"नाही, शून्य दिसलं म्हणून विचारलं. एकदा नाही, शून्य पॉइंट शून्य शून्य लिहिलंय. आमच्या धाकट्याला बारावीला छत्तीस पडले होते, तेव्हासुद्धा घरात दोन दिवस कुणी जेवलं नव्हतं."

"आई, तो जीपीए. यात हा कोर्स धरत नाहीत. बाजूला 'ए' आहे बघा."

"हां, आहे. मग 'मिळवलेले क्रेडिट शून्य' हे काय?"

"क्रेडिट मिळत नाही त्याचं."

"फी भरली होतीस?"

"भरली होती."

"अभ्यास केला होतास?"

"रात्री जागून."

"मग मिळवलंस काय?"

२०१२ साली 'कम्प्लीट कॉलेज अमेरिका' नावाच्या संस्थेने या कोर्सांवर एक अहवाल काढला, त्याच्या शीर्षकातच त्यांना 'कुठेच न पोचणारा पूल' म्हटलं होतं. सासूबाईंनी तो वाचलेला नव्हता. पण मुद्दा त्यांनी लोकल पकडायच्या आत काढला.

आता हे क्रेडिट प्रकरण आलं कुठून? बरीचशी जबाबदारी पेन्शनवर जाते. पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर काढून दिले. पैसे आले, तशी पंचाईत आली: पेन्शन द्यायचं ते कुठल्या कॉलेजच्या प्राध्यापकांना? तेव्हा अमेरिकेत पाटी लावली की कॉलेज होत असे. म्हणून कार्नेगी फाउंडेशनने अट घातली, की जे कॉलेज प्रवेशासाठी शाळेतल्या अभ्यासाची १४ युनिटं मागेल तेच खरं कॉलेज, आणि एक युनिट म्हणजे साधारण १२० तास. म्हातारपणची सोय लागतेय म्हटल्यावर कॉलेजं एका रात्रीत काटेकोर झाली. १९१० साली त्याच फाउंडेशनसाठी मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरने, कारखान्याचा कारभार तपासावा तसा कॉलेजांचा तपासला आणि 'विद्यार्थी-तास' हे माप पुढे केलं. तात्पर्य, कुणा प्राध्यापकांच्या उतारवयाची काळजी वाहिली गेली आणि शंभर वर्षांनी एडिसनमध्ये माझे अपूर्णांक मोजायचे राहिले.

खरं तर मागे पडलेल्यांना शिकवणं ही तिथली जुनी रीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १८४९ साली जो पहिला वर्ग भरवला तोच मुळी पूर्वतयारीचा होता, सतरा विद्यार्थ्यांचा. थेट विद्यापीठात बसवावीत इतकी तयार पोरंच हाताशी नव्हती. म्हणजे त्या घरात ०९१ आधी जन्मला, १०१ मागाहून. थोरल्याला पंक्तीबाहेर बसवायची पद्धत नंतरची.

मी ०९१ झाल्यावर ०९८ ला बसणार होते, पण २०१९ च्या उन्हाळ्यात नवऱ्याचं काम कॅलिफोर्नियात निघालं. सामान कमी करताना पोळपाट टाकून द्यायचा की न्यायचा यावर आमच्यात दोन दिवस अबोला झाला. गुणपत्रिका मात्र, तिकडच्या भाषेत ट्रान्सक्रिप्ट, सगळ्यात वर ठेवली. 'ए' होता त्यात.

इथे पाकिटाविषयी सांगायला हवं. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजने बंद पाकिटात द्यायची, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारायचा, आणि ते तसंच न उघडता दुसऱ्या कॉलेजला पोचवायचं. पाकीट बंद असेल तोवर आतला मजकूर खरा. उघडलं की तोच कागद, तीच सही, तोच 'ए', पण खोटा. आपल्याकडे उलट आहे. आपला कुठल्याच बंद पाकिटावर विश्वास नसतो. आपण उघडतो, वाचतो, झेरॉक्स काढतो, साक्षांकित करून घेतो. नवऱ्याने विमानतळावर ते उघडलं.

"अरे, उघडलंस कशाला?"

"आडनावाचं स्पेलिंग बघायला. दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं आहे, बघ."

स्पेलिंग खरंच चुकलेलं होतं. खोट्या झालेल्या कागदातली चूक दुरुस्त करून मागणं शक्य नव्हतं, कारण तो कागद आता कुणी मानत नव्हतं. म्हणून पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा शिक्का. नवीन पाकीट आलं त्या दिवशी मी ते फडताळात वर, गणपतीच्या चांदीच्या भांड्यांमागे ठेवलं आणि नवऱ्याला जागा सांगितली नाही.

कॅलिफोर्नियातलं आमचं नवं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं. वर्षाचे दोन तुकडे करायच्या ऐवजी तिथे जास्त करतात. त्यामुळे सेमिस्टरच्या एका क्रेडिटचे तिथे दीड होतात. खिडकीमागच्या गृहस्थांनी माझं पाकीट माझ्यासमोर कात्रीने उघडलं, चष्मा लावला आणि कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

"न्यू जर्सीत तीन होते. तीन गुणिले दीड. साडेचार."

मी सुखावले. इतक्या लांब येऊन काहीतरी वाढलं होतं.

"साडेचार काय?"

"साडेचार न मिळालेले."

न्यू जर्सीत माझ्याजवळ तीन शून्यं होती. देश न बदलता, नुसतं राज्य बदलून ती साडेचार झाली. नवऱ्याने संध्याकाळी कागदावर मांडून दाखवलं, की शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच राहतं. मी म्हटलं, तू ०९१ केलेला नाहीस, बोलू नकोस.

अमेरिकी सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१७ साली काढलेल्या अहवालात म्हटलंय, की २००४ ते २००९ या काळात ज्यांनी कॉलेज बदललं त्यांची अंदाजे ४३ टक्के क्रेडिटं त्या बदलीत बुडाली. वाचून लोक हळहळतात. मला त्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटला. बुडायला आधी असावी लागतात. माझी त्या ४३ टक्क्यांतसुद्धा गणना नाही.

खिडकीवरचा पुढचा संवाद मला अजून पाठ आहे.

"या कोर्सला क्रेडिट नाही. मग ट्रान्सफर काय करायचं?"

"काही करू नका. मला फक्त पुढच्या गणिताला बसू द्या."

"त्यासाठी आधीचं गणित झाल्याचा पुरावा लागेल."

"हा काय. 'ए' आहे."

"हा आम्ही तपासत नाही. याला क्रेडिट नाही."

"पण क्रेडिट नको आहे मला. मी हा विषय शिकले एवढं मान्य करा."

"शिकलात ते दिसतंय. मान्य करायला क्रेडिट लागतं."

त्यांचा काही दोष नव्हता. गृहस्थ सज्जन होते, आवाज एकदाही चढला नाही. आपल्याकडच्या खिडकीवर माणूस ओरडतो, आपणही ओरडतो, मग मागून साहेब येतात आणि काहीतरी होतं. इथे सगळेच हसतमुख असल्यामुळे साहेबांनी बाहेर यायचं निमित्तच घडत नाही.

त्यांनी मला एक फॉर्म दिला. पूर्वअट पुरी असल्याचा दावा करायचा फॉर्म. त्याला त्या कोर्सचा सिलॅबस जोडायचा, आणि तो त्याच सत्राचा पाहिजे. सिलॅबस मी कधीच टाकून दिला असता, पण आमच्या घरात पाठकोरा कागद टाकत नाहीत. मुलीच्या चित्रांच्या गठ्ठ्यात तो सापडला. पाठीमागे तिने घोडा काढला होता. मी दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवल्या, कारण फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सर्व पानं पाठवा. तीन दिवसांनी उत्तर आलं: पृष्ठ दोन कोणत्या घटकाशी संबंधित आहे?

खुलासा हवा म्हणून मी जुन्या सरांना ईमेल केला. सर तिकडे तासावर शिकवणारे होते, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. त्यांचा पत्ता आता चालत नव्हता.

मधल्या काळात मी कॅलिफोर्नियाच्या क्रेडिटांचा अभ्यास केला. तो ०९१ पेक्षा अवघड निघाला. इथल्या कम्युनिटी कॉलेजात तीन प्रकार आहेत. एक, पदवीत धरलं जाणारं क्रेडिट. दोन, क्रेडिट आहे पण पदवीत न धरलं जाणारं. तीन, क्रेडिटच नसलेला कोर्स. याला फी नाही, तो फुकट. आता माझा ०९१ कुठल्या डब्यात बसतो? पैसे घेतले होते, म्हणजे दुसऱ्यात. क्रेडिट शून्य लिहिलंय, म्हणजे तिसऱ्यात. पण तिसऱ्यात असेल तर पैसे परत मागायला हवेत, आणि ते मागायचे तर न्यू जर्सीला जायला हवं, आणि तिथे माझं आडनाव अजून दोन तऱ्हांचं होतं.

हे सगळं घेऊन मी काउन्सिलरबाईंकडे गेले. फाइलमध्ये ट्रान्सक्रिप्ट, फॉर्म, सिलॅबस, घोडा, आणि आपल्या सवयीप्रमाणे प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं. घोडा आवडल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "पण हे कशासाठी?"

"गणितासाठी. ०९१ झालाय असं सिद्ध करायला."

"तो स्तरच आम्ही बंद केलाय."

झालं होतं असं, की कॅलिफोर्नियाने २०१७ साली एबी ७०५ नावाचा कायदा केला आणि २०१९ च्या शरदातल्या सत्रापर्यंत कॉलेजांनी तो पुरता अमलात आणायचा होता. नेमक्या त्याच शरदात मी घोड्यासकट हजर झाले होते. कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं, की खालच्या पायरीवर बसवलेली बहुतेक मुलं वरच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत, मधेच घरी जातात. आणि ज्यांना परीक्षेने खाली ढकललं त्यातली बरीच थेट वर बसवली असती तरी पास झाली असती. म्हणून आता परीक्षा नाही. शाळेतले मार्क बघायचे आणि शक्यतो थेट खऱ्या कोर्सात बसवायचं. टेनेसी, टेक्सस, फ्लोरिडा अशी इतर राज्यंही आपापल्या पद्धतीने याच वाटेला लागलेली. मी मात्र अपूर्णांक शिकत होते.

"तुमचे हायस्कूलचे मार्क?" त्यांनी विचारलं.

"गणितात एकशे अकरा."

बाईंनी पडद्यावरून मान वर केली. "चारपैकी?"

"दीडशेपैकी."

त्यांच्या संगणकात चारच्या वर आकडा जाईना. मग त्या म्हणाल्या, परदेशातल्या शाळेसाठी दुसरी सोय आहे. प्रश्नावली भरा आणि कुठल्या वर्गात बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आपलं आपण ठरवायची सवय कुणाला आहे? विज्ञान की कला हे काकांनी ठरवलं, कॉलेज लोकलच्या वेळापत्रकाने ठरवलं, बँक वडिलांच्या ओळखीने ठरली. प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न: 'गणिताबद्दल तुम्हाला आत्मविश्वास वाटतो का?' हा प्रश्न आमच्याकडे विद्यार्थ्याला कधी विचारत नाहीत. तो शेजाऱ्यांना विचारतात आणि ते खरं उत्तर देतात. मी बराच वेळ 'बऱ्यापैकी' आणि 'थोडासा' यांच्यामध्ये घुटमळले. 'बऱ्यापैकी' लिहिलं तर आगाऊपणा, 'थोडासा' लिहिलं तर पुन्हा फळी. शेवटी 'बऱ्यापैकी'वर टिचकी मारली आणि सवयीने पुढचा प्रश्न सोपा येतोय का ते पाहिलं.

आला नाही. पडद्यावर अभिनंदनाचा मजकूर आला. मी थेट स्टॅटिस्टिक्सला बसू शकत होते.

वास्तविक उड्या माराव्यात अशी गोष्ट. पण मला राग आला. एवढं जे मी जागून केलं, जे दोन राज्यं ओलांडून, पाकिटात बंद करून, गणपतीच्या भांड्यांमागे लपवून जपलं, ते आता कुणाला नकोच होतं. अडवलं असतं तर भांडता आलं असतं.

"मग माझ्या ०९१ चं काय करू?" मी विचारलं.

"ते तुमच्याजवळ ठेवा," बाई प्रेमाने म्हणाल्या. "शिवाय स्टॅटिस्टिक्सबरोबर आम्ही एक मदतीचा वर्ग जोडून देतो. जरूर पडेल तिथे अपूर्णांक, टक्केवारी वगैरे उजळणी करून घेतात."

"त्याला क्रेडिट?"

"नाही. पण फीसुद्धा नाही."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो इंजिनिअर असल्यामुळे त्याला लगेच हिशेब सुचला. न्यू जर्सीत शून्य विकत घेतलं, इथे शून्य फुकट मिळतंय, तेव्हा दोन्ही मिळून शून्याचा सरासरी भाव निम्म्यावर आला. "बघ, कॅलिफोर्नियाला आल्याचा फायदाच झाला," तो म्हणाला. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं, की सरासरीवर फार विसंबू नये. मी घरी येऊन त्याला तो धडा मोठ्याने वाचून दाखवला.

मदतीच्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांचे अपूर्णांक तपासले. माझे अस्खलित. बाई चकित झाल्या, म्हणाल्या, "तुम्ही हे कुठे शिकलात?" मी फाइल बरोबर आणली होती. पण त्यांनी कागद मागितला नाही. मी तरी तो बाकावर जरा दिसेल असा ठेवला.

ही सगळी हकिगत हळूहळू बे एरियातल्या मराठी मंडळींत पसरली आणि माझी एक निराळीच ख्याती झाली. कुणाला बटाटेवड्यासाठी बोलावतात, कुणाला निवेदनासाठी, मला कागदपत्रांसाठी. गणपतीला हॉलमध्ये आरतीनंतर प्रसादाची रांग एकीकडे आणि माझ्यापुढे एक छोटी रांग दुसरीकडे. कुणाच्या बायकोला मिशिगनमध्ये इंग्रजीचं शून्य-काहीतरी करायला लावलं होतं, कुणाच्या भाच्याचं गणित ओहायोत अडकलं होतं. मी प्रत्येकाला विचारते: सेमिस्टर की क्वार्टर, फी भरली की फुकट होतं, सिलॅबस ठेवलाय का, त्याच्या पाठीमागे काही काढलेलं नाही ना. डॉक्टरने जीभ दाखवायला सांगावी तसे लोक मला ट्रान्सक्रिप्ट दाखवतात.

परवा नुकतंच आलेलं एक जोडपं उभं होतं. पुण्याचे गृहस्थ, हातात द्रोण, काखेत फोल्डर.

"वहिनी, हिची सहा आहेत. शून्यवाली. इकडे घेतील का?"

"सहाची नऊ होतील," मी म्हटलं. त्यांचा चेहरा खुलला. पुढचं सांगायच्या आधी मी विचारलं, "पाकीट उघडलं नाहीत ना?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"ह्यांनीच उघडलं," ती म्हणाली.

"मी कुठे? तूच म्हणालीस ना, स्पेलिंग बघा म्हणून?"

मी त्यांच्या द्रोणात आणखी एक मोदक घातला आणि पुढच्याला हाक मारली.